शुक्रवारचा धूर

हॅडली,
९ जानेवारी १९८३

ती. व्हर्लीन मावशीस जनेलचा सा. न. वि. वि.

तू नाताळात पाठवलेला चोकचेरीचा मुरंबा संपला. लिओनाचा बाप झाला तरी ड्वेनने शेवटची बाटली बोटाने पुसून खाल्ली आणि वर मलाच विचारलं की मावशी आता कधी यायच्या. मी म्हटलं, तुला मावशी हवीय की मुरंबा ते आधी ठरव.

खरं तर फोनच करणार होते. पण तुमच्या फोनच्या एकाच तारेवर आणखी तीन घरं आहेत, आणि तूच सांगतेस की आपण बोलत असताना त्यांतल्या एका घरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते. म्हणून लिहितेय. हे पत्र वाचून चुलीत घातलंस तरी चालेल.

मी शाळा मंडळावर निवडून आले तेव्हा तू म्हणाली होतीस, पोरी, केस कापतेस तेच बरं आहे, तिथे निदान गिऱ्हाईक हलत नाही. तुझंच खरं झालं. आमच्या शाळेला डिझेल आणि कोळसा परवडेनासा झालाय. दोनच वाटा उरल्यात. एक म्हणजे शाळा बंद करून मुलांना जिल्ह्याच्या गावी बर्डसॉलला पाठवायचं. म्हणजे आमच्या लिओनाएवढ्या सातआठ वर्षांच्या पोरांना जाऊन-येऊन दोन तास बस. दुसरी म्हणजे तुमच्या गावासारखा चार दिवसांचा आठवडा, शुक्रवारी कुलूप. मंडळात दोघं इकडे, दोघं तिकडे, आणि मधे मी. एप्रिलमध्ये मत द्यायचंय.

मला झोप लागत नाही ती मार्व्हेलामुळे. तुला ती आठवतेय ना, माझ्या लग्नात केकचा वरचा थर हातावर झेललेली? तिचा नवरा तेलविहिरींवर गेला तो गेलाच. ती बर्डसॉलच्या वृद्धाश्रमात पाचही दिवस कामाला जाते. तिचा किप पहिलीत, डार्ला चौथीत. शुक्रवारी शाळा नसली तर त्यांना ठेवणार कुठे? आणि शुक्रवारी गेली नाही तर तिथे दुसरी बाई तयारच आहे. तिने मला स्पष्ट सांगितलं, की तू हात वर केलास तर माझ्या दारात पाय ठेवू नकोस. पहिलीपासूनची मैत्रीण आहे ती माझी, मावशी.

तुमच्याकडे हे सुरू होऊन दीड वर्ष झालं. तू शाळेच्या अगदी समोर राहतेस आणि तुझ्या खिडकीतून काही सुटत नाही. मला सगळं सांग. मुलं दमतात का? शुक्रवारी काय करतात? कुठे जातात?

तुझ्या गुडघ्याला जप. मायेत अंतर पडू देऊ नकोस, बाकी सगळ्यात मी अंतर पाडून बसलेय.

तुझी,
जनेल


सॉल्ट ग्रास,
२३ जानेवारी १९८३

चि. जनेलला मावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र चुलीत घातलं नाही. दोनदा वाचून शिवणाच्या डब्यात ठेवलंय. माझ्या खिडकीबद्दल जे लिहिलंस त्याचा मी राग मानत नाही. देवाने डोळे दिलेत, ते काय मिटून बसायला?

तर ऐक. पहिल्या वर्षी मुलं फार दमली. चार दिवसांत पाच दिवसांचं बसवायचं, म्हणून शाळा सकाळी अंधारात भरते आणि संध्याकाळी अंधार पडता पडता सुटते. बारकी पोरं बसमध्येच झोपायची. एकदा एक पोरगं मागच्या बाकावर झोपून राहिलं आणि बस आगारात लागली. आता सवय झालीय. बाया दात दाखवायला, डोळे तपासायला मुलांना शुक्रवारी नेतात, त्यामुळे एरवी कुणी बुडवत नाही. मोठी पोरं घरच्या गुरांपाशी कामाला लागतात. बापलोक खूश आहेत. आया तितक्या नाहीत, पण त्यांना विचारलं कुणी?

बारकी शुक्रवारी कुठे जातात, हा तुझा प्रश्न मात्र चांगला आहे. त्याचं उत्तर मला देता येत नाही, आणि ही गोष्ट मला खुपतेय. नवीन पद्धत आली त्या हिवाळ्यात बरीच पोरं पोस्टाच्या पायऱ्यांवर नाहीतर गुरांच्या लिलावाच्या आवारात रिकामी दिसायची. या हिवाळ्यात दिसत नाहीत. थंडी आहे म्हणावं, तर थंडी तेव्हाही होतीच.

आणि दुसरं एक. तुला म्हणून सांगते. शुक्रवारी शाळेला कुलूप असतं. कोळसा वाचवायलाच तर हा सगळा खटाटोप. पण गेल्या शुक्रवारी सकाळी मी पडदा सारला, तर शाळेच्या धुरांड्यातून धूर निघतोय! थोडाथोडका नव्हे, चांगला काळा, नुकती भट्टी पेटवल्यासारखा. त्याच्या आधीच्या शुक्रवारीही होता का ते आठवत नाही, कारण तेव्हा मी गुडघ्याच्या डॉक्टरकडे गेले होते. आगीशिवाय धूर नसतो हे मला माहीत आहे, पण ही आग कुणाची ते शोधलंच पाहिजे.

मार्व्हेलाबद्दल मला वाईट वाटतं. तिच्याशी भांडू नकोस, आणि स्वतःची बाजू समजावायलाही जाऊ नकोस. रागावलेल्या माणसाला समजावणं म्हणजे भरल्या बादलीत पाणी ओतणं.

ड्वेनला सांग, मुरंबा चेरी पिकल्यावर. लिओनाला पापा.

आहे तसा लोभ ठेव, त्यात काटकसर करू नकोस.

तुझी मावशी,
व्हर्लीन


हॅडली,
६ फेब्रुवारी १९८३

ती. मावशीस सा. न. वि. वि.

धुराचं काय झालं? ड्वेनसुद्धा रोज विचारतो, आणि तो तर कशाबद्दलच काही विचारत नाही. त्याचं मत असं, की शाळेच्या रखवालदाराने आत चोरून दारू गाळायला घेतली असेल. तू खिडकीवरून हलू नकोस.

इथे बरं नाही. मार्व्हेला गुरुवारी पत्त्यांना येत नाही. चर्चमध्ये दोन बाकं मागे बसते. तिचा पाठीला होणारा त्रास मला माहीत आहे, म्हणून मागच्या आठवड्यात मी माझ्या निळ्या काठाच्या भांड्यात बटाटे आणि हॅम भाजून डार्लाबरोबर पाठवलं. काल भांडं परत आलं. पायरीवर ठेवलेलं, घासूनपुसून लख्ख, तळाला माझ्या नावाची चिकटपट्टी तशीच. आणि रिकामं.

मावशी, रिकामं! आपल्याकडे सोयरसुतकात, दुष्काळातसुद्धा कुणी भांडं रिकामं परत करत नाही. काही नसलं तर चार बिस्किटं, दोन कांदे, पण रिकामं नाही. तिची आईसुद्धा हे पाहून लाजली असती. मी स्वयंपाकघरात बसून रडले. मग स्वतःलाच हसले, की भांड्यावरून काय रडायचं. मग परत रडले.

माझं दुकान चालू आहे. शुक्रवारी तर उसंत नसते. रविवारचं चर्च आणि त्याच रात्रीचे शाळेचे सामने, त्यामुळे गावातल्या सगळ्या बायांना शुक्रवारीच केस धुऊन हवे असतात. सगळ्याजणी माझ्या खुर्चीत बसून आरशातून मला विचारतात, की काय ठरवलंस. मी म्हणते, मान सरळ ठेवा.

तूच सांग आता. मत कुणाला देऊ? आणि धूर कसला?

माझ्यावरची माया रिकामी परत पाठवू नकोस.

तुझी,
जनेल


सॉल्ट ग्रास,
२७ फेब्रुवारी १९८३

चि. जनेलला अ. आ.

शोध लागला. पण हे पोटात ठेव. ड्वेनलाही सांगू नकोस, तो गुरांच्या लिलावात बोलून बसेल.

शुक्रवारी सकाळी मी सफरचंदाची पाई भाजली आणि रुमालात बांधून थेट शाळेच्या मागच्या दाराने आत गेले. भाजलेली पाई हातात असली की बाई कुठून आली, का आली, हे कुणी विचारत नाही. हेडमास्तर पाइक भट्टीपाशीच उभे, हात कोळशाने काळे. मला पाहून त्यांचा चेहरा खुराड्यात सापडलेल्या कोल्ह्यासारखा झाला.

झालं होतं असं. राज्याच्या खेळमंडळाचा नियम आहे, की सामन्याच्या दिवशी जो शाळेत हजर नाही त्याने त्या दिवशी खेळायचं नाही. काही वर्षांपूर्वी आमचा एक पोरगा वासरांना डाग द्यायला म्हणून घरी राहिला आणि रात्री खेळला. आपण जिंकलेला सामना त्यापायी हरलेला धरला गेला. गाव अजून ते विसरलेलं नाही, आणि पाइक तर मुळीच नाही. आता बास्केटबॉलचे सामने शुक्रवारी, आणि शुक्रवारी शाळाच नाही, मग हजर राहणार कुठे? दुधाने तोंड पोळलेला माणूस तो, ताकही फुंकून प्यायला लागला. या हिवाळ्यात त्याने गुपचूप दर शुक्रवारी एक वर्ग उघडायला सुरुवात केली. भट्टी पेटवायची, खेळणाऱ्या पोरापोरींना सकाळी आत बसवायचं, हजेरी घ्यायची आणि दुपारी सोडायचं. मंडळाला पत्ता नाही.

मी म्हटलं, बरं, मग तो आवाज कसला? कारण आतून गलका येत होता, आणि तो काही उंच पोरांचा नव्हता. पाइकने नुसतं दार उघडलं. जनेल, आत निम्मी बालवाडी भरली होती! थोरल्या भावाबरोबर धाकटी बहीण आली, तिच्या मागे शेजारची दोघं आली. ज्यांच्या आया दुकानात, दवाखान्यात कामाला, ती सगळी तिथे. सहा फुटी पोरं बारक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीशी घेऊन बसलेली आणि बारक्यांना वाचून दाखवत होती. एका दांडगटाला तर एक चिमुरडी खडसावत होती, की पान गाळलंस. पाइक म्हणाला, की सामने संपले की हे बंद करायला हवं, आणि मला ते कसं करावं तेच कळत नाही.

मी पाई कापून सगळ्यांना वाटली. मला स्वतःला तुकडा उरला नाही, त्याचंही काही वाटलं नाही.

तेव्हा तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे. ती कुठे जातात? शाळेत जातात.

भांड्याचं म्हणशील तर ते भर आणि परत पाठव. परत रिकामं आलं, तर परत भर. काही विचारू नकोस.

पुन्हा सांगते, पोटात ठेव. पाइकची नोकरी आहे.

तुझी,
व्हर्लीन मावशी


हॅडली,
१७ मार्च १९८३

ती. मावशीस सा. न. वि. वि.

हे पत्र कसं लिहू ते कळत नाही. तुझ्या कानावर आलंच असेल.

सोमवारी बैठक होती. मार्व्हेला कामाच्या पांढऱ्या कपड्यातच येऊन मागच्या रांगेत उभी राहिली. तिने शांतपणे विचारलं, की माझ्या मुलांनी शुक्रवारी कुठे जायचं ते या पाच जणांपैकी कुणीतरी सांगा. सगळे टेबलाकडे बघत होते. ते मला बघवेना, आणि माझ्या तोंडून निघून गेलं. मी म्हटलं, की एका गावात शुक्रवारी एक खोली उबदार ठेवतात, तशी आपणही ठेवू. मी गावाचं नाव घेतलं नाही, मावशी, शपथ. पण माझी मावशी कुठल्या गावात असते हे इथल्या कुत्र्यांनाही माहीत आहे. दुसऱ्या दिवशी आमच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी माहितीसाठी म्हणून तुमच्या मंडळाला फोन केला. चांगल्या मनाने केला, हेच तर वाईट.

मार्व्हेला मात्र वळून निघून गेली. दारात इतकंच म्हणाली, की खोली म्हणजे चार भिंती, त्यात बसणार कोण?

तू एक गोष्ट पोटात ठेवायला सांगितलीस आणि मला तेवढीही ठेवता आली नाही. पाइक सरांचं काय होणार? मला त्यांची क्षमा मागायचीय, पण लिहायला हात धजत नाही. भांडं दुसऱ्यांदा भरून पाठवलं होतं, शेवया आणि कोंबडीचं. अजून आलेलं नाही, रिकामंही नाही.

रागाव, पण लिही. अबोला धरू नकोस, एक अबोला पुरे आहे.

तुझी अपराधी,
जनेल


सॉल्ट ग्रास,
३१ मार्च १९८३

जनेलला,

आशीर्वाद या वेळी नाइलाजाने. दोन आठवडे मी तुझ्यावर इतकी रागावले होते, की तुझा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. आता सरळ केलाय. का ते वाच.

मंडळाने शाळेच्या खेळघरात बैठक बोलावली. सारं गाव लोटलं. पाइक पुढे एकटा खुर्चीवर, टाय लावून, लग्नातल्या नवरदेवासारखा घामाघूम. अध्यक्षांनी आधी ते नियमाचं प्रकरण घेतलं. त्यांनी डेन्व्हरला खेळमंडळाच्या कचेरीत फोन लावून विचारलं होतं. तर म्हणे ज्या दिवशी शाळाच नाही त्या दिवशी तो नियम लागूच होत नाही! म्हणजे सगळा हिवाळा भट्टी उगाच पेटली. ज्या कोळशासाठी एक दिवस कापला तो कोळसा धुरांड्यातून वर गेला. लोक इतके हसले, की पाइकलाही हसू आलं, बिचारा.

मग अध्यक्ष गंभीर झाले. म्हणाले, ही खोली मंडळापासून लपवली गेली, तेव्हा हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनी हात वर करावे. मला वाटलं, आता मेला पाइक. मी खाली बघत बसले. मला तुझी आणि माझी लाज वाटत होती. वर पाहिलं तर काय! पोस्टमास्तरचा हात वर. किराणावाल्याचा वर. पाद्रीबुवांचा वर. कोळसा आणून टाकणाऱ्याचा तर कधीचा वर. मंडळातल्या दोघांचे हात टेबलावरून हळूच वर आले. शेवटी अध्यक्षांच्या बायकोने नवऱ्याकडे न बघता हात वर केला, कारण तिचे नातू तिथेच असायचे. सगळं खेळघर हातांनी भरलं.

आणि मी, जिच्या खिडकीसमोर शाळा आहे, जी गावात भोचक म्हणून प्रसिद्ध आहे, तिला सगळ्यांच्या शेवटी कळलं! माझ्या शेजारणीला मी नंतर धारेवर धरलं. ती म्हणाली, की व्हर्लीनला सांगितलं असतं तर ते गुपित कसलं राहिलं असतं? तुझ्यावर रागवायचा माझा हक्क तिथेच संपला. मावशीची भाची, दुसरं काय!

तर खोली चालू राहणार, आता उजळ माथ्याने. पाइकची नोकरी शाबूत आहे. कोळसा घराघरांतून येणार. मंगळवार-गुरुवार पत्ते खेळणाऱ्या आम्ही म्हाताऱ्या आळीपाळीने बसणार, पहिली पाळी माझी.

आता तुझ्या मताचं. मार्व्हेलाचा प्रश्न बरोबर आहे. पाइकने कोळसा जाळला म्हणून ती खोली चालली नाही, तो तिथे सकाळी उभा राहिला म्हणून चालली. तू हात वर करणार असशील, तर आधी त्या "बसणार कोण" या प्रश्नाला उत्तर दे. कुणी दुसरी बसेल असं म्हणू नकोस.

मायेला तडा गेला नाही, जरा पोचा आलाय, तो वापराने निघेल.

तुझी मावशी,
व्हर्लीन


हॅडली,
३ सप्टेंबर १९८३

ती. मावशीस सा. न. वि. वि.

एप्रिलमध्ये घाईघाईने कळवलं होतं, की चार दिवसांच्या बाजूने तिघं, विरुद्ध दोघं, आणि तिसरा हात माझा. त्याआधी उभं राहून मी काय बोलले ते लिहिलं नव्हतं. मी म्हटलं, की शुक्रवारी खोलीत मी बसेन. दुकानाला शुक्रवारी कुलूप. पाठीमागे कुणीतरी श्वास रोखला, ती माझी सगळ्यात जुनी गिऱ्हाईक असणार. मार्व्हेलाने ऐकलं आणि निघून गेली. आमची शाळा वाचली, आणि मी त्या रात्री घरी येऊन ड्वेनच्या खांद्यावर डोकं टेकून रडले.

सगळा उन्हाळा ती बोलली नाही. भांडंही आलं नाही. तू विचारू नकोस म्हणालीस म्हणून विचारलं नाही. दुकानाचा शुक्रवार गेला तो गेला, निम्म्या बाया बर्डसॉलला जायला लागल्या. ते मला लागतं, खोटं कशाला सांगू.

काल पहिला शुक्रवार. उजाडायच्या आत मी आणि लिओना खोली उघडून बसलो. कुणीच येईना. मला वाटलं, मी चार भिंतींचीच राखण करणार. मग अंगणात गाडीचे दिवे दिसले. मार्व्हेला. पांढरे कपडे, केस ओले. किप अर्धवट झोपेत, डार्लाच्या पाठीवर दप्तर. तिने मुलांना आत ढकललं, परत गाडीकडे गेली, आणि माझं निळ्या काठाचं भांडं घेऊन आली. वर फडकं, फडक्याखाली दालचिनीचे रोल, अजून वाफाळणारे. पहाटे उठून केले असणार.

भांडं टेबलावर ठेवून म्हणाली, "माझा राग गेलेला नाही. पण तुझा शुक्रवार गेला, हे मला दिसतंय."

मी नुसतं भांडं धरून उभी राहिले. ती दारापर्यंत गेली, थांबली, आणि पाठमोरीच म्हणाली, की माझे केस फार वाढलेत, गुरुवारी संध्याकाळी पत्त्यांच्या आधी वेळ आहे का?

मावशी, आहे म्हणून मी इतक्या मोठ्याने सांगितलं, की किप दचकून जागा झाला. नंतर आणखी सात मुलं आली. एकही रोल उरला नाही.

पाइक सरांना माझा नमस्कार सांग. अशीच माया असू दे, तिच्यावर इथे पुष्कळ जण जगतायत.

तुझी,
जनेल


सॉल्ट ग्रास,
१० सप्टेंबर १९८३

चि. जनेलला मनापासून आशीर्वाद.

पत्र खोलीतल्या बारक्यांना वाचून दाखवलं, नावं गाळून. मग मी एकटीच जरा रडले.

बाकी सविस्तर नंतर. मुरंबा याबरोबर पाठवतेय, ड्वेनपासून लपव. एवढंच तातडीने कळव, की गुरुवारी ती केस कापायला आली तेव्हा त्या भांड्यात तू काय घालून दिलंस? ते कळेपर्यंत मला चैन पडायची नाही.

तुझी भोचक मावशी,
व्हर्लीन